तसवीर आणि तकसीम

जरीपटका म्हणजे मराठ्यांचे निशाण. नागपुरातल्या या वस्तीला ते नाव असले तरी ती वसली फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांमुळे. इथल्या एका दुकानदाराने वडिलांचे शाळेचे जुने पुस्तक मला दाखवले होते. भाषा सिंधी, पण लिपी आमच्या उर्दूची सख्खी बहीण. माझ्या दादीचे दोन भाऊ त्याच काळात उलट दिशेने कराचीला गेले.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. युरोपचा धडा चालू असताना एका मुलीने विचारले, "आपा, तसवीर तो शौक की चीज है, तारीख में क्यों?" प्रश्न रास्त होता. मी तिला कूर्बेचे सांगितले. 1848 मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि पुढच्याच वर्षी त्याने दगड फोडणारे दोन मजूर रंगवले, एक म्हातारा आणि एक पोरगा. कपडे फाटलेले, चेहरे धड दिसतही नाहीत. तोवर एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर राजे आणि देवदूत असायचे. पुढे आगगाडी आली तशी ती मोनेच्या चित्रांत धूर सोडू लागली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन चित्रकारांची माणसे वेडीवाकडी झाली, कारण रस्त्यावरची माणसेच लुळीपांगळी होऊन परतली होती. हिटलरला हे सहन होईना. 1937 मध्ये म्युनिकला त्याच्या सरकारने अशा चित्रांचे "विकृत कला" म्हणून प्रदर्शन भरवले.

त्या राजवटीपायी देश सोडावा लागलेल्यांपैकी तिघे मुंबईत आले: लँगहॅमर, फॉन लेडन आणि श्लेसिंगर. त्यांच्या घरी आपल्याकडच्या तरुण चित्रकारांनी युरोपची नवी चित्रे पुस्तकांतून पाहिली. त्यांतल्याच सहा जणांनी 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. गोव्याचे सूझा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, घरकाम करून पोट भरलेले आरा, अमरावती जिल्ह्यातले गाडे, शिल्पकार बाकरे आणि सय्यद हैदर रझा.

रझा मंडला जिल्ह्यातले, जंगलखात्यातल्या नोकरदाराचे चिरंजीव. 1939 ते 1943 ते आमच्या नागपूरच्या कलाशाळेत शिकले, ही गोष्ट नागपुरात फारशी कुणाला ठाऊक नसते. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली. रझा राहिले. 1950 मध्ये पॅरिसला गेले खरे, पण भारताचे नागरिकत्व त्यांनी सोडले नाही. त्यांच्या बिंदूच्या चित्रांना कोट्यवधी रुपये मिळाले. मला मात्र त्यांची 1951च्या सुमाराची चित्रे जास्त जवळची वाटतात. घरेच घरे, वर सूर्य आणि माणूस एकही नाही. गाव फ्रान्समधले आहे, हे मला कळते. तरी ती घरे पाहताना वाटते, यांतले लोक कुठे गेले? हा अर्थ मी लावलेला. रझांनी तो लावला असता की नाही, कोण जाणे. 2016 मध्ये ते वारले आणि मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी दफन झाले.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायचे होते. वडील शाळेत आले. "आपा, फुलंपानं काढू द्या. माणसं नकोत, आपल्यात चालत नाही." ते अदबीने बोलत होते. मी वाद घातला नाही. धर्मातले मला त्यांच्याइतकेच कळते आणि या बाबतीत आलिमांचेही एकमत नाही. पण स्मरणचित्राच्या पेपरात माणसे काढावीच लागतात, हे मी त्यांना सांगितले. ते फॉर्म तसाच घेऊन गेले.

आठवड्याने मुलीने सरावाचे चित्र आणले. मोहल्ल्यात आलेला पाण्याचा टँकर, भोवती हंडे, बादल्या, बायका, पोरे. सगळे पाठमोरे, एकाचाही चेहरा नाही. कूर्बेकडून घेतले की वडिलांपासून वाचवले, मी विचारले नाही. चित्राच्या खाली घडी घातलेला फॉर्म होता. त्यावर वडिलांची उर्दूत सही होती.