रद्दीत गेलेला कोश

सीवूड्सच्या आटोपशीर बिऱ्हाडात येताना आम्ही वडिलांचा मोल्सवर्थचा कोश, १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण, रद्दीत घातला. पुढे कन्येने एका शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा आम्ही ओशाळलो. तिने मात्र शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तोच कोश, एक पैही न देता, क्षणात उघडला. शिवाय कंट्रोल व एफ या कळा एकत्र दाबल्या असता लांबलचक पानातील हवा तो शब्द कसा सापडतो, हेही आम्हांस शिकविले. सोय खरोखर अमोल! परंतु वडिलांनी समासात पेन्सिलीने केलेली टिपणे? ती शोधून देणारी कळ कोणत्याही यंत्रास नाही. वाचकहो, रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी समास तेवढे पाहून घ्या.