हॅड आणि हॅड बीन

शाळेत पास्ट परफेक्ट आणि पास्ट परफेक्ट कंटिन्युअस आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले होते. हॅड अधिक क्रियापदाचं तिसरं रूप. हॅड बीन अधिक आयएनजी. मार्क मिळाले, विषय संपला. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत असंच वाटायचं.

रात्री क्लायंटचे रेकॉर्ड्स जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवताना मधेच लिंक तुटली. आमच्या ज्युनियर मुलीने मेल लिहिली: 'वी हॅड बीन मूव्हिंग द रेकॉर्ड्स व्हेन द लिंक वेन्ट डाउन.' मला ते 'बीन' उगाच लोंबकळतंय असं वाटलं. सिनियर ना मी! 'हॅड मूव्ह्ड' केलं, आणि मेल तिच्या नावाने गेली. क्लायंटने सरळ अर्थ घेतला, की लिंक तुटायच्या आधीच सगळं हलवून झालं होतं. सकाळी त्यांनी जुनी प्रत पुसून टाकली. पोचलं होतं अर्धंच. बॅकअप होता म्हणून वाचलो, पण दोन दिवस गेले.

घोळाचं मूळ मराठीत आहे असं मला वाटतं. आपण म्हणतो, 'काल पिक्चरला गेलो होतो.' तेच इंग्रजीत 'आय हॅड गॉन' झालं की समोरचा वाट बघत बसतो, कशाच्या आधी? उलट हॅड बीनला आपल्याकडे वेगळं रूपच नाही. 'पाऊस पडत होता' म्हटलं तर तो अजून चालूच आहे असं वाटतं, 'पडून गेला होता' म्हटलं की संपला. 'इट हॅड बीन रेनिंग' या दोन्हींच्या मधलं. पाऊस थांबलाही असेल, पण रस्ते अजून ओले आहेत. किती वेळ चाललं होतं ते सांगायला हॅड बीन. पत्रं तीन लिहून झाली की चार, हे सांगायला नुसतं हॅड. (त्यात 'नो'सारखी क्रियापदं हा आयएनजी घेतच नाहीत, ते वेगळंच दुखणं.)

असो. कॉलवर तिला विचारलं, काम अर्धवट असताना झालं असं का लिहिलंत? ती गप्प. मीही गप्प.

दुसऱ्या दिवशी क्लायंटला कळवलं, शब्द मी बदलला होता. मग तिच्या जागेवर जाऊन तिलाही सांगितलं.

"माहितीये सर," ती म्हणाली. "माझा मूळ मसुदा आहे ना माझ्याकडे."