आमच्या घरचे सरबत

वर्गात उर्दू शिकवताना मी मुलांना शब्दांची घराणी दाखवते. अरबीत 'श-र-ब' या तीन अक्षरांचा अर्थ पिणे. त्यातून 'शरबत' आला, पेय या अर्थाचा 'मशरूब' आला आणि 'शराब'ही त्याच घरात जन्मला. अरबीत 'शराब' म्हणजे कोणतेही पेय. फारसी-उर्दूत येता येता तो दारूपुरता उरला. शरबताचे मराठीत 'सरबत' झाले, युरोपात जाऊन त्याच मुळातून 'सिरप' झाले. मुले हसतात. सख्खे भाऊ, पण एकाला दस्तरखानावर बसवायचे आणि दुसऱ्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही!

आमच्या गावाच्या नावातही अशीच गंमत आहे. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा आणि भीमा मिळतात तिथे आमचे नरसिंहपूर. नदीचे नाव नीरा, आणि झाडाच्या रसाचे नावही नीरा. शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडाला रात्री आतून चुना लावलेले मडके बांधतात आणि ऊन चढण्याआधी उतरवतात. ती गोड नीरा. चुना लावला नाही, ऊन लागू दिले, तर काही तासांतच ती आंबते आणि तिची ताडी होते. झाड तेच, रसही तोच. मधे फक्त वेळ जाते आणि कुणाचे तरी लक्ष नसते.

लक्ष नसणे, या गोष्टीचीच मला अलीकडे काळजी वाटते. माझा मुलगा यंदा दहावीला आहे. जूनमध्ये तो पुण्याला शिकायला जाईल, वसतिगृहात राहील. मागच्या वर्षी नात्यातल्या एका वलीम्याला गेलो होतो. तिथे जेवणाआधी 'मॉकटेल'चा काउंटर. निळी-हिरवी पेये, उंच ग्लास, कडेला लिंबाची चकती, आणि नावे सगळी दारूच्या पेयांची, पुढे फक्त 'व्हर्जिन' जोडलेले. मुलाने मोहितो घेतला. दोन घोट पिऊन म्हणाला, "अम्मी, हे तर आपलं पुदिन्याचं लिंबूसरबत आहे, सोडा घातलेलं. दारू नाही, तर मग नाव दारूचं कशाला?"

प्रश्न बरोबर होता. ते पेय हलाल की हराम हे सांगणे आलिमांचे काम. त्या ग्लासात लिंबू, पुदिना, साखर आणि सोडाच होता. मला खटकले ते वेगळेच. या नावांमुळे मुलांच्या मनात असे बसते की खरी मजेची वस्तू दुसरीच आहे आणि आपल्याला तिच्यातले काहीतरी वजा करून दिले आहे. ज्याला आयुष्यभर वजाबाकी मिळाली असे वाटते, त्याला एखाद्या रात्री कुणीतरी 'पूर्ण' ग्लास पुढे केला तर 'नको' म्हणणे जड जाते. तेव्हा मी जवळ नसेन. म्हणून मी ठरवले, नुसती ताकीद द्यायची नाही. घरात आपले स्वतःचे असे एक पेय तयार करायचे, जे कशाचीही नक्कल नाही.

काहींना वाटेल, सरबतात नवे काय शोधायचे? पण जे आपल्याला 'पूर्वापार' वाटते, तेही कुणीतरी एके दिवशी शोधलेलेच असते. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत हमदर्द दवाखाना सुरू केला. उन्हाळ्याच्या काहिलीवर उतारा म्हणून त्यांनी औषधी वनस्पती, फळे आणि फुलांचे अर्क एकत्र करून जे सरबत बनवले, ते रूह अफजा. फाळणीनंतर थोरले चिरंजीव हकीम अब्दुल हमीद दिल्लीतच राहिले, धाकटे हकीम मोहम्मद सईद कराचीला गेले, आणि सरबत दोन्ही देशांत बनत राहिले. आज त्या लाल बाटलीशिवाय अनेक घरांतला इफ्तार पुरा होत नाही.

आमच्या घरी मात्र त्या बाटलीने एक अडचण केली होती. सासऱ्यांना, म्हणजे अब्बांना, मधुमेह आहे. डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या वेळा बदलून ते रोजे ठेवतात. साखर फार खाली गेली तर रोजा सोडायचा, हेही ठरलेले आहे. पण इफ्तारला सगळ्यांच्या हातात गुलाबी ग्लास आणि त्यांच्या हातात साधे पाणी. ते कधी बोलले नाहीत. ग्लासाकडे बघायचे तेवढे. त्यामुळे आमच्या सरबताला पहिली अट पडली: अब्बांना पिता आले पाहिजे.

रमजानच्या सुट्टीच्या दिवसांत अस्रनंतर आम्ही प्रयोगाला बसायचो. चव इफ्तारलाच कळणार, म्हणून चार लहान वाट्यांत चार प्रकार करून ठेवायचे आणि प्रत्येकावर क्रमांक घालायचा. विज्ञानाच्या तासाचा नियम घरातही लावला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आले वाढवले तर मीठ तेवढेच ठेवायचे. मापे चमच्याने घ्यायची आणि वहीत लिहायची. अंदाजाने घातलेले छान जमले, तरी दुसऱ्या दिवशी तसेच पुन्हा होत नाही. इफ्तारनंतर प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे. अब्बा गुण द्यायला फार कडक!

पहिला विचार उसाच्या रसाचा आला. आमचा भागच उसाचा. पण त्यात साखर भरपूर आणि तो लगेच काळवंडतो, आंबतो. तो बाद. मग हस्त बहारातले डाळिंब घेतले. दाणे मिक्सरमध्ये फार फिरवले की बिया भरडतात आणि रस कडवट होतो. म्हणून एक-दोनदाच फिरवून गाळायचे, किंवा फडक्यात दाबून पिळायचे. डाळिंबातही साखर असतेच. पन्नास मिलिलिटर रसात सुमारे सहा ग्रॅम, म्हणजे दीड चमचा. त्यामुळे ग्लासभर रस नको, पाव ग्लास बस.

रस एवढा कमी केला की सरबत पांचट लागे. उपाय कोकणातून आला. सात-आठ आमसुले अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून कुस्करली आणि ते पाणी घातले. आंबटपणा आला आणि रंगही गडद झाला. एका ग्लासाचे शेवटी ठरलेले माप असे: डाळिंबाचा रस ५० मिलिलिटर, आमसुलाचे पाणी ३० मिलिलिटर, माठातले पाणी १२० मिलिलिटर, अर्धा चमचा आल्याचा रस, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि सैंधव जेमतेम. आमसुलात मीठ असते, ते आधी चाखून बघावे. वरून वीस मिनिटे भिजवून फुगलेला एक चमचा सब्जा. वरची साखर शून्य. चव गार झाल्यावरच घ्यावी, कारण थंडीने गोडी कमी लागते. कोमट असताना बरोबर वाटलेले सरबत गार झाल्यावर आंबट होते.

राहिली वेळेची गोष्ट. प्रेषित (स.) यांच्यासाठी खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून नबीज करत असत, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये येते. ते ताजे असेपर्यंत प्यायचे. तीन दिवसांपलीकडे ते त्यांच्या पिण्यात नसे. कारण गोड पाणी पडून राहिले की आंबते, आणि नशा आली की त्याचे नावच बदलते. मुलाला नीरा-ताडीचा हिशेब माहीत होता, त्याने हा लगेच जोडला. आमच्या उन्हात आम्ही आणखी कडक राहतो: सरबत त्याच दिवशी संपवायचे, उरले तर फ्रीजमध्ये फक्त रात्रभर.

नाव मुलानेच ठेवले, 'संगम'. डाळिंब देशावरचे, आमसूल कोकणचे, आणि आम्ही दोन नद्यांच्या काठचे. शेजारच्या काकू एकादशीच्या आदल्या दिवशी माप लिहून घेऊन गेल्या. जिरे-सैंधव त्यांना उपवासालाही चालते. अब्बांनी दहापैकी साडेसात दिले. त्यांच्याकडून एवढे गुण मला सून म्हणून कधी मिळालेले नाहीत.

आपल्याही घरी करून बघा. आपल्या भागात जे पिकते ते घ्या: जांभूळ, करवंद, कैरी, बेल, चिंच. मुलांच्या हातात चमचा आणि वही द्या, मापे त्यांना ठरवू द्या. स्वतः ठरवलेल्या गोष्टीचा मुलांना अभिमान असतो, आणि ऐकलेल्या मनाईपेक्षा तो जास्त दिवस सोबत करतो, असा माझा वीस वर्षांचा वर्गातला अनुभव आहे. पुण्याला न्यायच्या सामानाची यादी मुलाने आतापासूनच केली आहे. त्यात वहीच्या त्या पानाचा फोटो आहे आणि आमसुलांची एक बरणी. पुढचे अल्लाहच्या हवाली.