तळहात आणि तापमापक

यंत्र बंद पडण्यापूर्वी बहुधा तापते. बेअरिंगमधले ग्रीस सुकले, पट्टा प्रमाणाबाहेर ताणला गेला, मोटरवर भार वाढला किंवा तीनपैकी एक फेज तुटला, कारण कोणतेही असो, त्याची पहिली खूण बहुतेक वेळा उष्णतेचीच असते. आवाज नंतर येतो, धूर त्याहूनही नंतर. ही पहिली खूण ओळखण्याचे लहान कारखान्यांतले पिढ्यान्‌पिढ्यांचे साधन म्हणजे कामगाराचा तळहात.

विद्यालयातून बाहेर पडल्यावर मी आयटीआयमध्ये टर्नरचे प्रशिक्षण घेतले, काही वर्षे नोकरी केली आणि पुढे नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि एक कॉम्प्रेसर एवढ्या भांडवलावर जॉबवर्क सुरू केले. आमच्याकडच्या सर्वांत अनुभवी टर्नरांना सारा कारखाना ‘मामा’ म्हणतो. लेथच्या हेडस्टॉकवर हात ठेवून मामा मनात आकडे मोजत. पाचपर्यंत हात टिकला तर काम चालू; त्याआधी चटका बसून मागे आला तर मशीन बंद. या हिशेबात शास्त्र आहे. उघडा धातू साधारण ५० अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर त्यावर हात थोडा वेळ ठेवता येतो. ६० च्या पुढे तो क्षणभरच टिकतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी मामांच्या उजव्या तळव्यावर मला फुटलेला फोड दिसला. विचारले तर त्यांनी हसून विषय बदलला. पुढे कळले ते असे : मधुमेह जुना, बोटांची संवेदना हळूहळू कमी होत गेलेली आणि भाजले हे त्यांना घरी जेवताना समजलेले. त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. ज्या हाताच्या भरवशावर रात्रपाळी चालत होती, त्या हाताला आता फारसे कळत नव्हते. आणि ते उघड झाले तर आपली किंमत काय राहील, ही धास्ती त्यांना होती.

विद्यालयात विज्ञानाच्या तासाला केलेला तीन भांड्यांचा प्रयोग अनेकांना आठवत असेल. एक हात गरम पाण्यात, दुसरा थंड पाण्यात, मग दोन्ही कोमट पाण्यात. एक हात त्याला थंड म्हणतो, दुसरा गरम. हात तापमान मोजत नाही, तो केवळ तुलना करतो, हे तेव्हा पाठ झाले होते. कारखान्यात त्याचा अर्थ लागला. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या दुपारी, निरोगी हातसुद्धा फसतो.

म्हणून घरीच तापमापक आणि गजर बनवायचे ठरवले. सुटे भाग साधेच होते : आर्डुइनो, एक पडदा, बझर, रिले आणि पोलादी नळीत बंद केलेले ‘डीएस १८ बी २०’ जातीचे पाच सेन्सर. हा सेन्सर उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजतो आणि प्रत्येकाला स्वतःचा वेगळा क्रमांक असल्याने पाचही एकाच तारेवर जोडता येतात. डेटाची तार आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर मात्र हवा. हे सारे काम दोन रविवारांत उरकले.

खरा प्रश्न सेन्सर कुठे बसवायचे आणि गजर किती अंशांवर वाजवायचा, हा होता. पुस्तकात आपल्या लेथचे उत्तर नसते. मी मामांना बोलावले तर ते दारातच थांबले. “भाऊ, आता या डब्बीलेच इचारत जा. माहं काय काम?” मी म्हटले, “मामा, डबीला हात नाहीत. तुम्ही हात कुठे ठेवता, तेवढे दाखवा.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग खडू घेऊन आले.

त्यांनी हेडस्टॉकवर चकच्या बाजूच्या बेअरिंगपाशी फुली मारली, कारण कापण्याचा भार तिथेच अधिक येतो. मोटरच्या पंख्याच्या झाकणावर त्यांनी सेन्सर बसवू दिला नाही. तिथे वारा लागतो, खरे तापमान लपते. फुली पडली ती मोटरच्या अंगावर, दोन पट्ट्यांच्या खाचेत. तेथला रंग खरवडून, उष्णतावाहक पेस्ट लावून सेन्सर घट्ट बसवले. बाहेरून दिसणारा आकडा आतल्या वायंडिंगपेक्षा बराच कमी असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. मर्यादेपेक्षा दर १० अंशांना इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा मोटर रिवाइंड करणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे.

पाचवा सेन्सर भिंतीवर टांगला, केवळ खोलीसाठी. बेअरिंगचे ६५ अंश मे महिन्यात चालून जातात, पण डिसेंबरच्या रात्री तोच आकडा धोक्याचा. म्हणून आमच्या बेअरिंगसाठी गजराच्या दोन अटी ठेवल्या : खोलीपेक्षा ३५ अंश अधिक, किंवा सरळ ८० अंश. यातला ३५ चा आकडा मामांच्या अनुभवातून आला. आठवडाभर ते ‘आता ठीक’, ‘आता बघा’ असे सांगत गेले आणि मी पडद्यावरचे आकडे लिहीत गेलो.

असे यंत्र बनवू पाहणाऱ्या विद्यार्थी मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या सेन्सरची तार तुटली की नेहमीच्या वापरातला प्रोग्रॅम ‘उणे १२७’ असा आकडा देतो. ‘तापमान मर्यादेपेक्षा जास्त असेल तरच वाजव’ एवढेच लिहिले असेल, तर तार तुटल्यावर यंत्र कायमचे गप्प बसेल आणि आपण निर्धास्त राहू. तार तुटणे हाही गजरच मानला पाहिजे. उलट, सुरू होताना पहिला आकडा कधी कधी ८५ येतो. तो सोडून द्यावा. सेन्सरच्या तारा मोटरच्या केबलपासून दूर न्याव्यात, आणि २३० किंवा ४१५ व्होल्टच्या बाजूला परवानाधारक वायरमननेच हात घालावा.

गजराने लेथ आपोआप बंद करावा की नाही, यावर आमचा वाद झाला. मी बंद करण्याच्या बाजूचा. मामांचे म्हणणे, कार्बाइडचा टूल कापात असताना स्पिंडल थांबला तर टूल फुटतो, जॉबही वाया जातो. ते बरोबर होते. आता आधी बझर वाजतो. कामगार टूल मागे घेतो आणि बटण दाबतो. तीन मिनिटांत कुणी दाद दिली नाही, तर मात्र रिले कॉन्टॅक्टर सोडतो.

बझर अजून खऱ्या कारणासाठी वाजलेला नाही. मामा रोज सकाळी आणि संध्याकाळी पाचही आकडे फळ्यावर लिहितात. गेल्या मार्चमध्ये जॉब तोच असताना मोठ्या लेथचा आकडा खोलीच्या तुलनेत रोज दोन-दोन अंशांनी चढताना त्यांना दिसला. गजराला अजून बरीच वाट होती. त्यांनी मशीन थांबवायला लावले. उघडून पाहिले तर बेअरिंगच्या धावपट्टीवर खवले निघू लागले होते. स्पिंडल वाचला.

कॉम्प्रेसर अजून राहिला आहे. त्याच्या डिलिव्हरी पाइपचे तापमान १२५ च्या वर जाऊ शकते, म्हणून तिथे हे सेन्सर चालणार नाहीत. के-टाइप थर्मोकपल मागवले आहे. फुली कुठे मारायची, ते मामांनी आधीच ठरवून ठेवले आहे.