ताण आणि बहार

संत्र्याच्या झाडाला बहार यावयाचा असेल, तर आधीं त्याचें पाणी तोडावें लागतें, ही गोष्ट आमच्या आष्टीच्या पोराटोरांनाही ठाऊक असते. आंबिया बहारासाठीं डिसेंबरच्या सुमारास बागेचें ओलीत बंद होतें. जमीन हलकी असेल तर थोडे दिवस, भारी काळी असेल तर अधिक दिवस झाड तहानलेलें ठेवावयाचें. पानें मलूल होऊं लागलीं, कीं पुन्हां पाणी सोडावयाचें. आणि मग झाड फुलांनीं भरून जातें. याला 'ताण देणें' म्हणतात. शेतकऱ्याच्या घरीं जन्मून इंग्रजीचा प्राध्यापक झालेल्या मला या शब्दाचा खरा अर्थ वयाच्या ५६ व्या वर्षीं कळला, आणि तोही एका फजितीमुळें.

नट व्हावें ही माझी फार जुनी इच्छा. नागपुरास शिकत असतांना स्नेहसंमेलनांतील नाटकांत एक पारितोषिक मिळालें, आणि मी मनानें मुंबईच्या रंगभूमीवर जाऊन उभा राहिलों. पण वडिलांवर बागेचें कर्ज होतें, बहिणीचें लग्न व्हावयाचें होतें, आणि पहिल्या तारखेस पगार देण्याची नाट्यकलेला संवय नव्हती. मीं प्राध्यापकी पत्करली. त्याबद्दल मी कोणास दोष देत नाहीं. मात्र गेलीं तीस वर्षें मी स्वतःस बजावीत आलों, कीं संसाराचा भार उतरला म्हणजे आपण पुन्हां तिकडे वळूं. या आश्वासनाच्या पुष्टीसाठीं माझ्यापाशीं एक नांवही होतें : डॉक्टर श्रीराम लागू.

लागू कान, नाक व घसा यांचे शल्यचिकित्सक. पुण्यांत त्यांनीं व्यवसाय केला, पुढें आफ्रिकेंत टांझानियांत केला. आणि १९६९ सालीं, चाळिशी उलटल्यावर, तो व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले. दुसऱ्याच वर्षीं 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर त्यांनीं उभा केला. हें आठवलें, कीं मला मोठा धीर येई. त्यांना साधलें तें आपणांसही साधेल, एवढाच त्यांतून मीं काढलेला बोध !

यंदा गांवांतील तरुणांनीं एक नाटक बसविण्यास घेतलें. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, आष्टीच्या लोकांनीं पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला. गोळीबार झाला, दोन्हीं बाजूंचीं माणसें पडलीं. त्या सायंकाळीं मुलाची वाट पाहणाऱ्या एका म्हाताऱ्याची भूमिका या नाटकांत आहे. दिग्दर्शक माझाच जुना विद्यार्थी. त्यानें ती मला देऊं केली, तेव्हां तीस वर्षांचें देणें आज फिटणार, असें मला वाटलें. पहिल्या तालमीस मीं माझें भाषण खणखणीत आवाजांत, योग्य तेथें विराम घेऊन म्हटलें, आणि दाद घेण्यासाठीं सभोंवार पाहिलें. कोणी कांहीं बोलेना. शेवटीं तो विद्यार्थी अदबीनें म्हणाला, "सर, तुम्ही फार छान समजावून सांगतां. पण हा म्हातारा कांहीं समजावून सांगत नाहीं. त्याचा मुलगा घरीं आलेला नाहीं."

मी घरीं परतलों. पत्नीनें विचारलें, "अहो, चेहरा असा कां ?" मीं हकीकत सांगितली, आणि वर वय झाल्याची तक्रारही जोडली. ती शांतपणें म्हणाली, "वयाचें राहूं द्या. इतक्या वर्षांत घरांत एक तरी नाटक मोठ्यानें वाचलेंत का ?"

त्या रात्रीं माझा आधार असलेली लागूंची गोष्ट मीं प्रथमच नीट आठवून पाहिली. वैद्यकाच्या विद्यार्थिदशेपासून ते नाटकांत कामें करीत होते. १९५१ सालीं पुण्यांत भालबा केळकरांनीं प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन सुरू केली, तिच्या उभारणींत ते होते. १९६९ सालीं त्यांनीं व्यवसाय सोडला, नाटक धरलें नव्हे. तें त्यांनीं कधीं सोडलेंच नव्हतें. माझ्यासारख्याच एका प्राध्यापकाचें, अण्णासाहेब कर्व्यांचें, उदाहरणही असेंच. त्यांनीं वयाच्या ५८ व्या वर्षीं, १९१६ सालीं, महिला विद्यापीठ स्थापिलें हें आपण कौतुकानें सांगतों; परंतु फर्ग्युसनमध्यें गणित शिकवीत असतांनाच १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला होता, आणि १९०७ सालीं महिला विद्यालय, हें मात्र आपण सोयीनें विसरतों. या मंडळींनीं आयुष्याच्या उत्तरार्धांत उडी घेतली खरी. पण आधीं वीस-वीस वर्षें ते त्या दिशेनें चालत होते. मी तेवढा वेळ नुसता उडीची वाट पाहत बसलों होतों.

दुसऱ्या दिवशीं मी बागेंत गेलों. धाकटा भाऊ आळीं करीत होता. ताण किती दिवस द्यावा, हें मीं त्याला सहज विचारलें. तो म्हणाला, "भाऊ, ताण देल्याशिवाय बहार फुटत नाही. पण पान कोमेजलं का पाणी सोडा लागते. फांदी वाळल्यावर सोडसान, त मंग ते जळतनच समजा."

कर्ज, लग्न, नोकरी हा माझा ताण होता. तो बहुतेकांच्या वांट्यास येतो, आणि त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. पण रोज संध्याकाळीं अर्धा तास पाणी सोडण्यास मला कोणीं अडविलें होतें ? वडिलांनीं नाहीं, कॉलेजानेंही नाहीं.

म्हाताऱ्याची भूमिका मीं परत केली. ती आतां गांवांतील एक शिंपी करतो, आणि फार चांगली करतो. माझ्याकडे पडद्याआडून शब्द पुरविण्याचें काम आहे. सायंकाळीं सहा वाजतां मी हातांत वही घेऊन जातों, तालीम संपल्यावर सतरंजी गुंडाळूं लागतों, आणि घरीं येऊन पत्नीला दोन पानें मोठ्यानें वाचून दाखवितों. काल ती म्हणाली, "आज जरा कमी समजावलेंत." फांदी अजून हिरवी आहे कीं नाहीं, हें पाणी सोडल्यावांचून कसें कळणार ?