दुभती जर्सी

जर्सी म्हटली की आमच्याकडे आधी गाय आठवते. सकाळ-संध्याकाळ कॅन भरून दूध देणारी. मी म्हणतोय ती जर्सी शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाची. बिनबाह्यांची, पाठीवर 33 आकडा. शेजारी सदैव 23 उभी, त्यामुळे हिच्याकडे कुणाची नजर ठरतच नाही. मुंबईच्या फूटपाथवर 23 आकड्याचे लाल बनियन मी ढिगानं पाहिलेत. 33 शोधूनही मिळाला नाही. आकड्यात दहानं मोठी, मानात मात्र कायम एक पाऊल मागे.

ती घालायचा स्कॉटी पिपेन. आर्कान्सामधल्या हॅम्बर्ग गावचा, बारा भावंडांतलं शेंडेफळ. वडील कागदगिरणीत कामाला होते. पक्षाघातानं ते चाकाच्या खुर्चीत बसले, आणि घरात तशी दुसरी खुर्ची एका भावाची. कॉलेजच्या संघात हा पोरगा शिरला तो सामानसुमान सांभाळायला. मग अचानक वाढला. सहा फूट आठ इंच, आणि हात असे की आजानुबाहू शब्दाचा अर्थ कळावा. 1987 साली सिअ‍ॅटलनं त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं आणि त्याच दिवशी शिकागोला देऊन टाकलं.

शिकागोत तोवर 23 चा, म्हणजे मायकेल जॉर्डनचा, एकखांबी तंबू होता. एप्रिल 1986 मध्ये पठ्ठ्यानं बॉस्टनमध्ये प्लेऑफच्या एकाच सामन्यात 63 गुण केले. संघ हरला. पुढच्या मोसमात सरासरी 37.1 गुण, आणि संघाचे विजय 82 पैकी 40. पहिल्या तीन वर्षांत प्लेऑफचे दहा सामने झाले, जिंकला फक्त एक.

33 नं पहिली गोष्ट केली ती हमालीची. चेंडू टप्पे देत पुढे आणायचा, समोरच्यांची मांडणी बघायची आणि पास नेमका द्यायचा. ही दगदग वाचली की जॉर्डन आपल्या जागी ताज्या दमानं उभा. दुसरी गोष्ट बचावाची. 1991 च्या अंतिम फेरीत पहिला सामना लॉस एंजेलिस लेकर्सनं जिंकला. दुसऱ्या सामन्यात त्यांच्या मॅजिक जॉन्सनच्या अंगावर 33 सोडली. मॅजिक म्हणजे मैदान पाठ असलेला माणूस, पण समोर ते लांब हात आले आणि त्याला साधा पास द्यायलाही वळसा पडू लागला. बुल्सनी ओळीनं चार सामने जिंकले. शेवटच्या सामन्यात सगळ्यांत जास्त गुण कुणाचे? पिपेनचे, 32. जॉर्डनचे 30. लक्षात कुणाला आहे!

चारा मात्र बेताचाच. घरच्या दोन खुर्च्या डोळ्यांपुढे ठेवून पिपेननं 1991 मध्ये लांब मुदतीचा, स्वस्त करार केला. 1997-98 मध्ये पगारात तो अख्ख्या एनबीए लीगमध्ये 122 वा होता, स्वतःच्या संघात सहावा. 

दुभती गाय कधी लाथही मारते. आता त्या लाथेबद्दल. 13 मे 1994. जॉर्डन बेसबॉल खेळायला गेलेला. त्याच्याशिवायही पिपेननं संघाला त्या मोसमात 55 विजय मिळवून दिले होते, आदल्या वर्षीपेक्षा फक्त दोन कमी. न्यूयॉर्कविरुद्ध 102-102 अशी बरोबरी, उरले 1.8 सेकंद. प्रशिक्षक फिल जॅक्सननं शेवटचा फटका टोनी कुकोचला दिला. वर्षभर राबलेली 33 रुसली आणि बाकावरून उठलीच नाही. कुकोचनं बास्केट केली, सामना जिंकला, पण ते बसून राहणं आजतागायत पिपेनला चिकटलेलं आहे. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. या गाईची एक लाथ लोकांनी तीस वर्षं मोजली. मला त्याचा राग समजतो. बसून राहणं मात्र चूकच होतं.

33 चं खरं चित्र 11 जून 1997 चं. सॉल्ट लेक सिटीत तापानं फणफणलेल्या जॉर्डननं 38 गुण केले आणि मग त्याचे पाय गळाले. तो कोसळला तो 33 च्या खांद्यावर. पिपेननं एका हातानं त्याला कवटाळून बाकाकडे नेलं. छायाचित्र जगभर गेलं, ओळख पडली ती जॉर्डनच्या तापाची. खांदा कुणाचा, हे विचारावं लागतं.

पुढच्या मोसमात पिपेन पायाच्या दुखण्यानं पहिले 35 सामने बाहेर होता. बुल्स त्यातले 24 जिंकले. तो परतल्यावर उरलेल्या 47 पैकी 38 जिंकले, आणि सहावं विजेतेपदही.

जॉर्डनशिवाय पिपेनलाही विजेतेपद मिळालं नाही, हेही खरं. पण संघात 33 नसताना जॉर्डननं प्लेऑफची एकही मालिका जिंकलेली नाही.