हमामात्सुहून एक पत्र

हमामात्सु, जपान

तीर्थस्वरूप अप्पाकाका यांस,


तोक्यो आणि ओसाका यांच्या साधारण मध्यावर वसलेल्या या नगरात यामाहा, कावाई आणि रोलँड या तिन्ही वाद्यनिर्मात्यांची मुख्य ठाणी आहेत, आणि २०१४ साली युनेस्कोने त्याची संगीतनगरींच्या यादीत गणना केली, हे आपल्या वाचनात आलेच असेल. स्थानकालगतचा पंचेचाळीस मजली मनोरा हार्मोनिकाच्या आकाराचा आहे म्हणतात; मला ते साम्य दुसऱ्याने दाखविल्यावरच दिसले, तेव्हा त्याविषयी अधिक लिहीत नाही.

या साऱ्या वैभवाचे मूळ एका दुरुस्तीच्या कामात आहे. तोराकुसु यामाहा हे सामुराई कुळातील गृहस्थ घड्याळांचे आणि वैद्यकीय उपकरणांचे काम शिकलेले. १८८७ साली येथील प्राथमिक शाळेतील अमेरिकन बनावटीचा पायपेटीवजा ऑर्गन नादुरुस्त झाला, तेव्हा यंत्रांचा जाणकार म्हणून त्यांना पाचारण झाले, आणि पेटी उघडून आतील रचना बारकाईने न्याहाळताच, हे वाद्य आपणही घडवू शकू, असा निश्चय त्यांनी केला. पुढे स्वतः घडविलेला ऑर्गन कावडीसारखा खांद्यावर घेऊन, एका सोबत्यासह हाकोने घाट पायी ओलांडून ते तोक्योच्या सरकारी संगीतविद्यालयात दाखल झाले. तेथील प्रमुख इसावा शूजी यांनी बांधणी वाखाणली, परंतु स्वर जुळलेले नाहीत, असा स्पष्ट निर्वाळा दिला.

अप्पाकाका, मला खरे कौतुक वाटते ते या निर्वाळ्याचे. परदेशी मालावरचे परावलंबन सुटावे अशी सरकारची निकड असताना, स्वदेशी म्हणून बेसूर पेटी मंजूर करणे इसावांना अवघड नव्हते. त्यांनी ती नामंजूर केली, आणि त्याच वेळी या कारागिराला विद्यालयात बसून स्वरशास्त्र शिकण्याची मुभा दिली. सुमारे महिनाभर नादकाट्याच्या सान्निध्यात कान तयार करून यामाहा परतले आणि त्यांनी दुसरा ऑर्गन सिद्ध केला. रीडचे टोक किंचित घासले तर स्वर चढतो आणि बुडाशी घासले तर उतरतो, हे आपण जाणताच; हात कितीही कुशल असला तरी कोठे थांबावे हे कानच सांगतो. १८९७ साली त्यांची ‘निप्पोन गाक्की’ ही कंपनी स्थापन झाली, १९०० साली पहिला उभा पियानो तयार झाला, आणि तीन नादकाटे हे त्या घराण्याचे बोधचिन्ह ठरले. युद्धकाळात याच कारखान्याने विमानांचे पंखे घडविले, आणि १९४५ साली शहर बॉम्बवर्षावात होरपळले. हा अध्याय मात्र येथे कोणी फारसा उलगडत नाही.

१९९५ साली उघडलेल्या महापालिकेच्या वाद्यसंग्रहालयात माझा बराच वेळ गेला. देशोदेशींची वाद्ये तेथे उच्चनीचतेचा भेद न करता मांडली आहेत, आणि पुष्कळांचा नाद कानाला यंत्र लावून ऐकता येतो. कारखानदारीवर पोसलेल्या नगराने स्वतःच्या मालापुरते न पाहता परक्यांच्या वाद्यांसाठीही एवढी जागा राखली, ही गोष्ट मला मनोऱ्याहून मोठी वाटली.

आपल्या संगीत नाटकांच्या दिवसांतील ऑर्गन भंगारात देण्याचा विचार घरात चालला आहे, असे वसंताच्या पत्रावरून कळते. मी परत येईपर्यंत तो कोणास देऊ नये. आणि शक्य झाल्यास मागील फळी काढवून आत कोणत्या कारखान्याचे नाव आहे तेवढे पाहून कळवावे, ही विनंती.

आपला आज्ञांकित पुतण्या